उंबरठ्यासाठी खुर्ची: विजेवर चालणाऱ्या व्हीलचेअरच्या कामाच्या नोंदी

६ मे २०२४: घराची मापं

घडीच्या साध्या व्हीलचेअरला दोन मोटरी, बॅटरी आणि जॉयस्टिक बसवायचं काम आज सुरू झालं. खुर्ची १८ इंची सीटची, वजन १८ किलो. ती ज्यांच्यासाठी, त्या ताईंना मानेत सी-६ पातळीवर (मानेच्या सहाव्या मणक्यापाशी) मज्जारज्जूची इजा आहे. मनगट वर उचलता येतं, कोपर वाकवता येतो, बोटांची पकड नाही. सपाट फरशीवर त्या हाताने चाक कसंबसं ढकलतात. चढावर ते शक्यच नाही.

मोटरींचे कॅटलॉग उघडण्याआधी घर मोजलं. पुण्यातला तळमजल्याचा फ्लॅट. मुख्य दाराचा पल्ला उघडल्यावर मोकळी जागा ७०५ मिमी, बाथरूमच्या दारात ६६०, आतला बोळ ९१५. मुख्य दाराचा उंबरठा २५ मिमी, बाथरूमचा १५. दारापुढे १५० मिमीची पायरी आणि तिच्यासमोर रॅम्पला जागा फक्त १२०० मिमी. म्हणजे उतार १:८. मानकाप्रमाणे १:१२ करायचा तर १८०० मिमी लांबी लागते आणि तेवढ्यात पार्किंग आडवं येतं.

बाथरूमच्या दारामुळे खुर्चीची एकूण रुंदी ६२० मिमीच्या आत ठेवायची. सध्याची चाकं कड्यांसकट ६४० भरतात, त्यामुळे ती निघणार. जागी १२.५ इंची हवेची चाकं येतील आणि मोटरी सीटखाली आतल्या बाजूला बसतील.

८ मे: जोर किती लागेल

वजन धरलं ते असं: व्यक्ती ८० किलो, खुर्ची ४५ किलो, एकूण १२५. ताईंचं वजन कमी आहे, पण मांडीवर पिशवी असते, पाठीला दप्तर अडकवलेलं असतं.

सपाटीवर घरंगळण्याचा विरोध सुमारे २५ न्यूटन. १:८ चढावर त्यात १५२ मिळवायचे, म्हणजे १७७ न्यूटन. बरेच जण इथे थांबतात आणि तेवढ्याच ताकदीची मोटर आणतात. ती खुर्ची रॅम्प चढते आणि दारात अडते.

उंबरठ्याचा हिशेब निराळा आहे. पुढच्या दोन छोट्या चाकांवर ४० टक्के भार, म्हणजे ५० किलो, ४९० न्यूटन. २५ मिमीची कड, चाक ८ इंची (त्रिज्या १०० मिमी). उभ्या जागेवरून ते चाक कडेवर चढवायला भाराच्या ०.८८ पट आडवा जोर लागतो, म्हणजे ४३२ न्यूटन. सध्या खुर्चीला असलेल्या ६ इंची चाकांना तोच आकडा १.१२ पट, ५४८ न्यूटन. रॅम्पच्या तिप्पट! निव्वळ पुढचं चाक दोन इंच मोठं केल्याने ११६ न्यूटन वाचतात, तेही एक अँपिअर न वाढवता.

मागच्या चाकाची भारित (वजनाने दबल्यावरची) त्रिज्या १५६ मिमी. ४३२ न्यूटनसाठी दोन्ही चाकांवर मिळून फिरवण्याचा जोर ६७ न्यूटन-मीटर, प्रत्येकी ३४. पुढची चाकं वर गेली की मागची त्याच कडेवर येतात. त्यांना मिळून ६२ लागतात. म्हणजे प्रत्येक मोटरने एक-दोन सेकंद ३४ न्यूटन-मीटर द्यायला हवेत. रॅम्पसाठी प्रत्येकी १४ पुरतात. मोटर उंबरठ्याच्या आकड्यावरून निवडायची, हे ठरलं.

१३ मे: चालवती चाकं कुठे

मागे, मध्ये की पुढे, यावर सकाळ गेली. चालवती (मोटर जोडलेली) चाकं मधे असली की खुर्ची जागच्या जागी फिरते, सुमारे १.२ मीटरच्या वर्तुळात. मागे असली की पायांच्या टोकापासून आसापर्यंतचं अंतर ८६० मिमी पडतं आणि पूर्ण गिरकीला १.८ मीटर लागतात. बोळ ९१५ चा, तेव्हा मधल्या चाकांची ओढ साहजिक आहे. पण त्या मांडणीत सहा चाकं जमिनीला टेकवायला सस्पेन्शन लागतं. ते नसेल तर उंबरठ्यावर पुढची-मागची छोटी चाकं टेकतात आणि मधली हवेत फिरतात. घडीच्या सांगाड्यावर तसलं सस्पेन्शन बसवणं म्हणजे नवी खुर्ची बनवणं.

पुढच्या चाकांनी चालणारी खुर्ची कड उत्तम चढते, पण वेगात मागचा भाग भरकटतो. जायरो सेन्सरशिवाय (वळण्याचा वेग मोजणाऱ्या सेन्सरशिवाय) ती कमकुवत हाताच्या माणसाला देऊ नये.

निर्णय: मागची चाकं चालवती. बोळात वळायचं नाही, बोळातून मागे यायचं. त्यासाठी खुर्चीच्या डाव्या हातावर छोटा बहिर्वक्र आरसा.

दोन चाकांना दोन मोटरी आणि दिशा-वेग एकाच दांडीवर, ही मूळ कल्पना दुसऱ्या महायुद्धात जखमी झालेल्या सैनिकांसाठी कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये जॉर्ज क्लाइन यांनी १९५० च्या दशकात उभी केली. स्टिअरिंगचा वेगळा दांडा न लावता दोन चाकांच्या वेगातल्या फरकाने वळायचं, हे तत्त्व अजून तेच आहे.

२० मे: मोटर

ई-सायकलची २४ व्होल्ट, २५० वॅटची चेनची मोटर बुधवार पेठेत लगेच मिळते आणि स्वस्त पडते. बाकावर जोडून पाहिली, ताकद पुरते. तरी नाकारली. तिला वीज गेल्यावर धरणारा ब्रेक नाही. बॅटरीची वायर सुटली तर रॅम्पवर खुर्ची मागे घरंगळेल आणि ताईंना हाताने चाक धरता येणार नाही. हातांत बळ असलेल्या माणसाच्या खुर्चीत हा दोष कदाचित चालून जाईल. इथे नाही.

घेतल्या त्या व्हीलचेअरच्याच मोटरी: २४ व्होल्ट, ३२० वॅट, काटकोनी गिअरबॉक्स, बाहेर मिनिटाला १२० फेरे, स्प्रिंगने लागणारा आणि विजेने सुटणारा ब्रेक, शिवाय गिअर सोडायची खटक्याची दांडी.

पडताळणी साधी केली. आसाला ५०० मिमीची सळई बांधली, टोकाला बॅग तोलायचा काटा लावला, मोटर अडवून हळूहळू करंट वाढवला. २५ अँपिअरला काटा ६.९ किलो दाखवतो, म्हणजे ३४ न्यूटन-मीटर. हवं तेवढं मिळालं. वाइंडिंगचा (मोटरीतल्या तारेच्या वेटोळ्यांचा) रोध ०.२५ ओहम, तेव्हा या करंटला मोटरीत दीडशेहून जास्त वॅट नुसती उष्णता होते. दोन सेकंद ठीक. दहा सेकंद अडवून ठेवली तर वार्निशचा वास येतो. ड्रायव्हरमध्ये (मोटरींना वीज देणाऱ्या सर्किटमध्ये) ३० अँपिअरची मर्यादा आणि चार सेकंदांनंतर ती १५ वर आणायची, अशी नोंद केली.

३ जून: बॅटरी पाठीमागे नको

पहिल्या जोडणीत १२ व्होल्टच्या दोन लेड-ॲसिड बॅटऱ्या (मिळून २२ किलो) पाठीमागे टांगल्या होत्या, कारण तिथे हात सहज पोचतो. वाळूची पोती सीटवर बांधून रॅम्पवर झटक्यात सुरुवात केली आणि पुढची चाकं उचलली.

कारण कागदावरच दिसायला हवं होतं. गुरुत्वमध्य मागच्या आसाच्या पुढे १८० मिमी आणि जमिनीपासून ५५० वर असेल तर खुर्ची मागे कलंडायचा कोन १८ अंश. २२ किलो ३५० मिमी मागे नेले की तो मध्य ५५ मिमीने मागे सरकतो आणि कोन १२.८ वर येतो. १:८ चा रॅम्प ७.१ अंश, त्यात दर सेकंदाला १ मीटर प्रति सेकंद ही वेगवाढ ५.८ अंशांइतकी. बेरीज १२.९.

आता लिथियम फेरो-फॉस्फेटचे आठ सेल एका ओळीत: २५.६ व्होल्ट, २० अँपिअर-तास, पेटीसकट ६ किलो, सीटखाली आडवे. घडीच्या कैचीत अडू नयेत म्हणून पेटी दोन पट्ट्यांवर सरकून बाहेर येते. सुरुवातीची वेगवाढ दर सेकंदाला ०.५ मीटर प्रति सेकंदावर बांधली.

खुर्ची मागे कलंडू नये म्हणून लावलेली मागची छोटी चाकं जमिनीपासून २५ मिमीवर होती. रॅम्पच्या पायथ्याशी मागचं चाक येतं तेव्हा त्याच्या २५० मिमी मागे असलेला भाग ३१ मिमी खाली जातो. म्हणजे ती चाकं टेकायची, चालवती उचलायची आणि जागेवर फिरायची. ४० मिमीवर नेली. पायाच्या पट्टीचंही तसंच: पुढच्या चाकाच्या ३५० मिमी पुढे आहे, रॅम्प तिथवर ४४ मिमी वर येतो, पट्टी ५० वर ठेवली. सहा मिमी जागा उरते.

१७ जून: वायरिंग

उंबरठ्यावर दोन्ही मोटरींनी एकदम करंट ओढला की मायक्रोकंट्रोलर (खुर्चीचं नियंत्रण करणारी चिप) रीसेट व्हायचा. खुर्ची ऐन कडेवर थांबायची, ब्रेक लागायचा. बॅटरीपासून ड्रायव्हरपर्यंत वायर २.५ चौरस मिमीची, जाऊन-येऊन चार मीटर. ५० अँपिअरला दीड व्होल्टच्या आसपास तिथेच पडतात, त्यात क्रिंप केलेल्या (दाबून बसवलेल्या) दोन ढिल्या लगांची, म्हणजे वायरीच्या टोकाच्या धातूच्या जोडांची भर. ६ चौरस मिमी वायर घातली, लांबी निम्मी केली, कंट्रोलरचा पुरवठा डायोड आणि मोठ्या कपॅसिटरमागे वेगळा काढला.

लगांना शिसं पाजू नये, म्हणजे सोल्डर करू नये. शिसं वायरीत वर चढतं, तिथे वायर ताठ होते आणि पेव्हर ब्लॉकवरच्या धक्क्यांनी नेमकी त्या सीमेवर तुटते. नीट जबड्याच्या पान्ह्याने क्रिंप करायचं, वर गरम होऊन आवळणारी नळी. फ्यूज बॅटरीच्या धन टोकापासून हातभराच्या आतच.

चार्जिंगसाठी तीन पिनांचा एक्सएलआर प्लग. तिसरी पिन कंट्रोलरला चार्जर लागल्याचं सांगते आणि गाडी बंद ठेवते. नाहीतर भिंतीतल्या वायरीसकट खुर्ची निघाली तर प्लगच उखडतो.

१ जुलै: जॉयस्टिक आणि तळहात

आज सगळ्यात जास्त वेळ एका लहानशा तुकड्यावर गेला. बोटांची पकड नसल्याने गोल मूठ उपयोगाची नाही. इंग्रजी यू अक्षरासारखी खोबण केली: तळहाताची कड तिच्यात बसते आणि मनगट व खांद्याच्या हालचालीने दांडी सरकते. पहिला नमुना थ्रीडी प्रिंटचा, कडक प्लास्टिकचा. वीस मिनिटांच्या चाचणीनंतर ताईंच्या करंगळीखाली लाल ओळ उमटलेली दिसली. तिथे त्यांना संवेदना नाही. दुखलं असतं तर त्यांनी हात काढला असता. आता आतल्या कडा गोल, वर ४ मिमी मऊ फोम, खोबण ८ मिमीने रुंद केली, आणि पहिले पंधरा दिवस दर तासाला त्वचा बघायची असं घरच्यांना सांगितलं.

हाताचा टेकू दांडीच्या पातळीपेक्षा १० मिमी वर होता, खांदा उचलला जात होता. खाली घेतला. ऑक्युपेशनल थेरपिस्टनी जॉयस्टिक १५ अंश आत वळवायला सांगितली. कोपर वाकवताना हात शरीराकडे येतो, त्यामुळे ‘पुढे’ म्हणजे त्यांच्या हाताला जिथे पुढे वाटतं तिथे.

इलेक्ट्रॉनिक्स: हॉल सेन्सरची (चुंबकावरून स्थिती ओळखणाऱ्या सेन्सरची) दांडी, प्रत्येक अक्षाला दोन सिग्नल, एक चढता आणि एक उतरता. दोन्हींची बेरीज कायम ५ व्होल्ट यायला हवी. नाही आली, किंवा एखादा सिग्नल अर्ध्या व्होल्टच्या खाली गेला, तर वायर तुटली असं धरून थांबायचं. मध्याभोवती ८ टक्के मृत पट्टा, म्हणजे तेवढी हालचाल मोजायचीच नाही. चालू करताना दांडी मध्यावर नसेल तर मध्यावर येईपर्यंत खुर्ची हलणार नाही. पायात आकडी आली की हातही ताणला जातो आणि दांडी टोकाला जाऊन बसते. त्यासाठी डाव्या कोपराजवळ मोठं लाल बटण, कुठूनही ढकललं तरी थांबवणारं.

वळताना वेग आपोआप कमी. घरात कमाल ताशी २.५ किमी, बाहेर ५. जास्त वेग मागणारे खूप भेटतात. ताईंनी मागितलं ते वेगळं होतं: जेवणाच्या टेबलापाशी बोटभर पुढे सरकता यावं. कमी वेगातली सफाई हेच या आठवड्याचं काम.

९ जुलै: ब्रेक उशिरा का लागतो

लाल बटण दाबल्यावर खुर्ची अपेक्षेपेक्षा पुढे जात होती. ब्रेकच्या कॉइलवर साधा डायोड होता. वीज तोडल्यावर कॉइलमधला करंट त्या डायोडमधून फिरत राहतो, चुंबक धरून ठेवतो, स्प्रिंग वाट बघते. ऑसिलोस्कोपवर १४० मिलिसेकंद. तो करंट लवकर मरावा म्हणून डायोडशी ३३ व्होल्टचा झेनर (ठरावीक व्होल्टेजच्या वरच वाहू देणारा डायोड) ओळीत जोडला, कॉइलचा मॉस्फेट (चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) १०० व्होल्टचा घेतला: ५० मिलिसेकंद. ताशी ५ किमीला हा फरक सव्वाशे मिमीचा, म्हणजे पाय भिंतीला लागणं आणि न लागणं.

सुटतानाचा क्रमही बदलला. आधी ब्रेक सुटून मग मोटर जोर धरायची. रॅम्पवर खुर्ची वीतभर मागे यायची आणि बसलेल्याच्या पोटात गोळा यायचा. आता मोटर आधी थोडा जोर देते, मग ब्रेक सुटतो. गिअर सोडायच्या दांडीवर मायक्रोस्विच बसवला. दांडी सुटी असेल तर कंट्रोलर चालवायला नकार देतो.

१८ जुलै: डावीकडे ओढते

पाच मीटरच्या सरळ रेषेत ४०० मिमी डावीकडे. सॉफ्टवेअरला हात लावण्याआधी हवा बघितली: एका चाकात ३२ पीएसआय, दुसऱ्यात २५. सारखी केल्यावर २६० राहिले. मोटरीची डावी प्लेट दीड मिमी तिरकी निघाली. पाचर घालून सरळ केली, १५० उरले. मग मोटरीच्या रोधाची भरपाई: करंट वाढला की तेवढ्या प्रमाणात व्होल्टेज वाढवायचं. मोजलेल्या रोधाच्या ६५ टक्क्यांवर ठेवलं. ९० टक्क्यांवर मोटर गुरगुरायला लागते आणि खुर्ची जागेवर थरथरते. शेवटी ६० मिमी. हात तेवढं सांभाळून घेतो.

रस्त्याच्या आडव्या उतारावर मात्र ती खालच्या बाजूला वळणारच, कारण वजन चालवत्या आसाच्या पुढे आहे. त्याला एन्कोडर (चाकाचे फेरे मोजणारा सेन्सर) किंवा जायरो लागेल. पुढच्या फेरीत.

२९ जुलै: पाऊस

जॉयस्टिकच्या रबरी बूटखाली ओल. थेंबभर पाण्याने एक सिग्नल सरकला, बेरीज चुकली, खुर्ची थांबली. तपासणीने तिचं काम चोख केलं. पण भर पावसात सोसायटीच्या फाटकात थांबलेली खुर्ची म्हणजे ताईंसाठी आपत्तीच. बोर्डावर कॉन्फॉर्मल कोटिंग (ओल न लागू देणारा पातळ लेप), खोक्याला खालून ३ मिमीचं भोक (वरून कितीही बंद केलं तरी वाफ आत धरते, तिला वाट हवी) आणि वायरी खोक्यात खालून वळसा घेऊन.

१२ ऑगस्ट: भरलेली बॅटरी आणि उतार

सगळ्यात धोकादायक दोष आज सापडला. रात्रभर चार्ज करून सकाळी पार्किंगच्या नऊ मीटर लांब उतारावरून खाली जाताना मधेच धक्का बसून खुर्ची थांबली. उतारावर मोटर जनित्र होते आणि बॅटरीत वीज परत ढकलते. सेल २९.२ व्होल्टपर्यंत काठोकाठ भरलेले, बीएमएसने (सेलची राखण करणाऱ्या सर्किटने) चार्जिंग तोडलं. ती वीज जायला जागा उरली नाही, व्होल्टेज उसळलं, ड्रायव्हरने स्वतःला बंद केलं. स्प्रिंगचा ब्रेक होता म्हणून खुर्ची थांबली. चेनच्या मोटरी असत्या तर ती सुसाट खाली गेली असती.

१:८ वर सेकंदाला ०.७ मीटर वेगाने उतरताना परत येणारी शक्ती ९० वॅटच्या आत आहे. उपाय दोन. रोजचं चार्जिंग २८.० व्होल्टवर थांबवायचं, २९.२ फक्त महिन्यातून एकदा, सेलचा समतोल साधायला. आणि २८.८ व्होल्टच्या वर गेलं की ४.७ ओहमचा, १०० वॅटचा रोधक चालू. तो त्या व्होल्टेजला १७६ वॅट खाऊ शकतो, पण उतार मिनिटभरही टिकत नाही. तापतो, म्हणून ॲल्युमिनियमच्या पट्टीवर, कापड आणि पायांपासून लांब. त्याच उतारावर पूर्ण भरलेल्या बॅटरीने पंधरा वेळा उतरवली. एकदाही थांबली नाही.

लेड-ॲसिडचा जुना चार्जर घरातून काढून टाकायला सांगितलं. या सेलना तो चालत नाही, पण प्लग तोच बसतो, हीच भीती.

२६ ऑगस्ट: सांगाड्याची परीक्षा

आयएसओ ७१७६ मालिकेच्या आठव्या भागात खुर्ची दोन ड्रमांवर २,००,००० फेरे आणि ५० मिमीवरून ६,६६६ वेळा आपटणं सोसते का ते बघतात. ती यंत्रणा इथे नाही. वाळूची ७५ किलोची पोती बांधून ५० मिमीच्या फळीवरून ५०० वेळा उतरवली.

३१० व्या वेळेनंतर सांगाडा पुसताना उजव्या मोटरीच्या वेल्डजवळ केसाएवढी तांबूस रेघ दिसली. नखाने खरवडली तरी गेली नाही, नख अडकलं. खुर्चीची नळी २२ मिमी व्यासाची, पत्रा १.२ मिमी, ६ मिमीच्या प्लेटला वेल्ड केली की वेल्डच्या काठाशी नळी मऊ पडते आणि सगळा मुरडा तिथेच येतो. वेल्ड काढला. भोसरीत लेसरवर कापून घेतलेल्या दोन भागांच्या क्लँपने नळी ६० मिमी लांबीत धरली, मध्ये रबराची पातळ पट्टी, नायलॉक (धक्क्यांनी ढिले न होणारे) नट. पुन्हा ५०० वेळा. रेघ नाही, नट जागचे हलले नाहीत.

९ सप्टेंबर: घरी

रुंदी ६०८ मिमी, बाथरूमच्या दारातून दोन्ही बाजूंना सव्वीस-सव्वीस मिमी. मुख्य उंबरठा उभ्या जागेवरून चढली, करंट प्रत्येकी २६ अँपिअरपर्यंत गेला. अंगणातल्या शहाबादी फरशीच्या सांध्यात पुढचं चाक एकदा आडवं अडकलं. मागे-पुढे करून निघालं. ८ इंची चाक उलटं फिरताना टाचेला घासतं, म्हणून पायाच्या पट्टीला मागून पट्टा. एका चार्जमध्ये कागदावर ३० किलोमीटर दिसतात. घरातल्या थांबत-वळत वापरात त्याच्या निम्म्याहून कमी मिळतात, कारण जागेवर वळताना टायर फरशीवर घासतात आणि दर सुरुवातीला करंट वाढतो. रोज रात्री चार्जिंग, मग प्रश्न नाही.

ताई स्वतः दार ओलांडून बाहेर गेल्या आणि परत आल्या. मागून कोणी धरलं नव्हतं.

बाकी कामं: उजव्या टायरची हवा आठवड्याला बघायला घरच्यांना पायपंप, जायरो, आरशाचा दांडा दारात आपटतो, तो घडीचा करणे, एक महिन्याने ब्रेकमधली फट मोजणे, नायलॉक नटांवर रंगाच्या खुणा केल्या आहेत, त्या ९ ऑक्टोबरला तपासणे.